पहूरच्या छोट्या गाडीने अजिंठा, बापूकाकांसकट

अजिंठ्याला जायचं ठरलं तेव्हा मी चित्रकला शिकत होते आणि वैशाखात माझं लग्न होतं. सासर दूर कारवारला. नंतर कोण नेणार? पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आधी डोळ्यांनी बघायचाच, म्हणून मी हटून बसले. आई-बाबा तयार झाले. पण तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, हे आईचं ठाम मत. लोक अशा वेळी चौथी म्हणून सुपारी बरोबर ठेवतात. आईने शेजारचे बापूकाका घेतले!

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरगावात सभा असली की बापूकाका तिथे हजर. पाचोऱ्याला मोठ्या गाडीतून उतरून आम्ही पहूरच्या छोट्या गाडीत बसलो. एवढासा डबा, गुडघ्याला गुडघा लागलेला आणि वेग असा की शेतातल्या कापसाची बोंडं मोजावीत. (ती गाडी आता धावत नाही, तुम्ही जळगावहून मोटारीने जा.) बापूकाकांनी समोरच्या शेतकऱ्याला धरलं.

"मुंबईशिवाय महाराष्ट्र? शक्य नाही!"

"आम्ही बी तेच म्हणतो, भाऊ."

"मग जोरात म्हणा की!"

सगळा डबा त्यांच्याच बाजूचा, तरी वाद संपेना. पहूरला त्यांनी गार्डला गाठलं. त्यांना ओढून बाहेर आणेपर्यंत लेण्यांकडे जाणारी मोटार निघून गेली. पुढची दुपारनंतर. मी रडकुंडीला आले होते. आईने दशम्या आणि लसणाची चटणी काढली, मी बापूकाकांकडे पाठ करून खाल्ली.

पोचलो तेव्हा पहारेकरी कुलूप घेऊन उभा. "आता उद्या या." उद्या सकाळी आमची परतीची गाडी होती.

"उद्या? अहो, पण तुमचं मत काय, मुंबई कोणाची?" बापूकाका सुरू झाले. मी कपाळाला हात लावला. पहारेकरी उत्तर द्यायला वळला आणि बाबांनी मला आत ढकललं.

उजव्या हातात कमळ, खाली झुकलेली नजर. अंधारेपर्यंत मी बघत राहिले, खूप रडले. बाहेर बापूकाकांची टकळी चालूच. या माणसाला इथे तरी गप्प बसवत नाही का, म्हणून मी चरफडत होते.

परतीच्या गाडीत त्यांचा घसा पार बसला होता. "कसं होतं गं ते चित्र?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे? तुम्ही आत आलाच नाहीत?"

"मी आत आलो असतो तर त्याने कुलूप नसतं लावलं?"

मुंबई येईपर्यंत मी त्यांना चित्र सांगत होते. मुकुटातले मणीसुद्धा हवे होते त्यांना, वैताग नुसता! दुसऱ्या दिवशी ते चाळीच्या गॅलरीत, बसक्या आवाजात, सगळ्यांना पद्मपाणी दाखवत होते. कमळ त्यांनी डाव्या हातात दिलं होतं. मी टोकलं नाही.