लिफ्टवाल्यांच्या छतातल्या खारी

माझी आणि सेफ्टीकाकांची पहिली भेट झाली तेव्हा ते कमरेच्या वर नव्हते. म्हणजे असतील, पण मला दिसले नाहीत. शेजारच्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन तास झाले होते. पाण्याचा मुख्य नळ गंजून बसला होता आणि मी पाना मागायला त्यांच्या उघड्या दारातून आत डोकावलो होतो. "कोण ते? या, मागच्या खोलीत या!" असा एका बाईंचा खणखणीत आवाज आला. गेलो. पलंगावर एक बाई आडव्या, हातात पडद्याचा आठ फुटी दांडा, आणि पडल्या पडल्या त्या दांड्याने त्या वरची फळ्यांची सीलिंग अशी बडवत होत्या की खोलीत धुळीचं वादळ उठलं होतं. पलंगाशेजारी शिडी. शिडीच्या वर सीलिंगला चौकोनी भोक. त्या भोकातून दोन पाय लोंबत होते.

"अहो, डावीकडे! डावीकडे!" बाई ओरडल्या.

पाय उजवीकडे वळले.

"माझं डावं हो!"

पाय डावीकडे वळले. वर काहीतरी धडाडलं, कुणीतरी कळवळलं, आणि एका पायाने दुसऱ्या पायाला हताशपणे खाजवलं.

"पळाली," बाई मला म्हणाल्या, जणू आमची वीस वर्षांची ओळख आहे. "तुम्ही नवीन शेजारी ना? हे आमचे हे. बाकीचे मागून येतील."

"पाना हवा होता," मी पायांना म्हणालो.

"कितीचा?" पायांनी विचारलं.

मी आयुष्यात बऱ्याच मोठ्या माणसांना भेटलोय, पण इतक्या रुबाबात बोलणारे तळपाय पाहिले नाहीत. टाचांना भेगा, डाव्या अंगठ्यावर हिरव्या रंगाचा ठिपका, आणि पाना देण्यापूर्वी नळाचं माप, नळाचं वय आणि माझा अनुभव या तिन्हींची चौकशी. शेवटी सगळे मिळून खाली उतरले तेव्हा मी जरा निराशच झालो. चेहरा साधा होता.

काकांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि तपासल्या. इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटरची एक बुटकी खोली असते. तिथे दिवसभर घरघर आणि ग्रीसचा वास. काकांची हयात तिथे गेली. त्या खोलीने त्यांना पेन्शन दिलं आणि बदल्यात बारीक आवाज काढून घेतले. जाड आवाज त्यांना व्यवस्थित ऐकू येत, माणसांचं बोलणं, ट्रकचा हॉर्न. पण दाराची बेल, कुकरची शिट्टी, पाखरांची किलबिल, हे सगळं त्यांच्यापुरतं जगातून रद्द झालं होतं.

म्हणजे ज्या खारींशी ते चार महिने लढत होते, त्यातल्या एकीचाही आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. हे युद्ध संपूर्णपणे काकूंच्या साक्षीवर चाललं होतं.

निवृत्त होताना काकांनी कंपनीतून एक गठ्ठा आणला होता. हिरवी कार्डं, वर छापलेलं: 'तपासले. सुरक्षित.' खाली तारीख आणि सही. लिफ्ट तपासून झाली की तिच्या विजेच्या पेटीला असं कार्ड लावायचं आणि पुढची तारीख येईपर्यंत त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही, कार्ड लावणाऱ्यानेसुद्धा नाही. या नियमावर काका अतिशय हळवे होते. त्यांच्या जोडीदाराची दोन बोटं अशीच गेली होती. कार्ड लावलेली पेटी कुणीतरी "जरा बघतो" म्हणून उघडली होती. "अपघात बिघाडाने होत नाहीत," काका म्हणायचे, "जरा बघतो म्हणणाऱ्यांमुळे होतात."

घरी आल्यावर गठ्ठा संपेना. मग गॅसच्या शेगडीला कार्ड लागलं, गिझरला लागलं, शिडीला, झोपाळ्याला, पिठाच्या डब्याला लागलं. कॉलनीने त्यांचं नाव सेफ्टी ठेवलं.

"आमच्या लग्नाच्या फोटोला तेवढं लावायचं राहिलंय," काकू म्हणायच्या.

"त्याची तपासणी अजून चालू आहे," काका म्हणायचे.

आम्ही राहायला येण्याच्या आधीच मागच्या पायरीवरून काकू घसरल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. "नाव ह्यांचं सेफ्टी, मोडले मी," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. काका त्यावर हसायचे, पण मागची पायरी त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोडून नवी केली होती. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने पलंग सोडायचा नाही, आणि झोप हवी, झोपेशिवाय हे हाड धरणार नाही. बाथरूम मागच्या खोलीला लागून, म्हणून पलंग मागच्या खोलीत. आणि बरोबर त्या खोलीच्या वर, छप्पर आणि सीलिंगच्या मधल्या पोटमाळ्यात, खारींचा संसार. पहाटे पाच वाजता त्यांची धावपळ सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत. काकूंच्या डोळ्याला डोळा लागेना. तीन महिन्यांचे चार झाले, हाड जुळेना.

खारीचा वाटा आपण छोटा समजतो. काकांच्या घरात तो निम्म्याहून जास्त होता. त्यांनी गिझरची वायर कुरतडली, साबण पळवला, माळ्यावर ठेवलेल्या रजईचा कापूस काढून नेला. काकांनी मिरचीपूड टाकली. ती खारींना मानवली. रेडिओ लावून ठेवला. त्याने काकू अजूनच जाग्या राहिल्या. मग पिंजरा आणला, आत शेंगदाणे ठेवले आणि एक खार सापडली. काकांनी तिच्या शेपटीला हिरव्या रंगाचा एक फराटा ओढला, पिंजऱ्यावर टॉवेल टाकला आणि स्कूटरवरून तिला जलशुद्धीकरण केंद्राच्या पलीकडे, पाच किलोमीटरवर सोडून आले. परत येऊन हेल्मेट काढतात तो हिरवी शेपटी वळचणीला बसून त्यांच्याकडे बघतेय. ती बसने आली असावी, असा माझा अंदाज होता.

"दुसरी असेल," माझी बायको म्हणाली.

"रंगवलेली खार दुसरी कुठून येणार?" काका म्हणाले. "मीच सोडली, मीच हातावर तुरी घेतल्या."

काकू मात्र पडल्या पडल्या वरच्या मंडळींचा पूर्ण अभ्यास करत होत्या. मी संध्याकाळी डोकावलो की बातम्या मिळायच्या. "आज वर जोरात भांडण झालं. एक नेसत्या वस्त्रानिशी निघून गेली, दुपारी परत आली." कधी म्हणायच्या, "सारखी कापूस ओढतेय हो, मेलीला थंडी वाजते की काय." हसायच्या, आणि हसताना डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणखी खोल दिसायची. काका शेजारी बसून नुसते त्यांच्या ओठांकडे बघत असायचे. त्यांचा चेहरा हल्ली रिकाम्या फळ्यासारखा असायचा. जेवलात का विचारलं तर त्यांना आठवावं लागायचं.

शेवटी काकांनी आपल्या विद्येला हात घातला. सगळं छप्पर तपासून वळचणीची भोकं जाळीने बुजवली आणि एकाच भोकाला पत्र्याची एकेरी झडप बसवली. आतून ढकललं की उघडते, बाहेरून उघडत नाही.

"आणि आत कुणी राहिलं तर?" काकूंनी विचारलं.

"राहील कसं? खायला बाहेर यावंच लागतं. अगं, चौतीस वर्षं हेच बघितलं. जो वर गेला तो खाली येतोच."

हे बरोबरच होतं. वरच जन्माला येणाऱ्यांची लिफ्टच्या धंद्यात सोय नसते.

दोन दिवस काका अंगणात खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसले. एकेक खार बाहेर पडली, शेवटी हिरवी शेपटीही. तिसऱ्या दिवशी काकांनी झडपेलाही जाळी ठोकली, खोलीतल्या चौकोनी भोकाची फळी स्क्रूने बंद केली आणि तिच्यावर हिरवं कार्ड लावलं. तारीख पुढच्या वर्षीची. त्या दुपारी काकू दोन तास झोपल्या. काका चहाचे कप हातात घेऊन आमच्याकडे आले आणि चहा घ्यायचा सोडून म्हणाले, "झोपलीय." एवढंच. दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवी शेपटी वळचणीला जाळी ओरबाडत होती. उलटी लटकून, दातांनी, नखांनी. आम्ही दोघं अंगणात उभे राहून बघत होतो.

"बघा," काका म्हणाले, "हलत नाही जाळी."

"भाडेकरू जागा सोडायला तयार नाही," मी म्हणालो, आणि आम्ही मनापासून हसलो. ती दिवसभर तिथेच होती. दुसऱ्या दिवशीही.

त्या दुसऱ्या दिवशी काकांनी मला हाक मारली. काकू म्हणत होत्या, वर आवाज येतोय.

"धावण्याचा नाही. बारीक आहे. काल सकाळपासून येतोय. आत कुणीतरी आहे, अहो, एकदा उघडून बघा."

"सगळ्या बाहेर आहेत, मी डोळ्यांनी बघितल्यात. तुला सवय झालीय आवाजाची. कार्ड लावलंय ना मी?"

"कार्डाला काय कळतं?"

"जरा बघतो म्हणून उघडायचं नसतं," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमचे कान चांगले आहेत. तुम्ही सांगा."

मी स्टुलावर चढलो आणि सीलिंगला कान लावला. फळी थंडगार होती. आधी काहीच नाही. मग, अगदी कोपऱ्यातून, ओलं बोट काचेवर घासल्यासारखं काहीतरी. थांबलं. पुन्हा आलं. खाली काकू माझ्याकडे बघत होत्या. काकाही बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर परवाच्या दोन तासांच्या झोपेचा उजेड अजून शिल्लक होता.

"काही नाही," मी म्हणालो. "वारा असेल."

मी असं का म्हणालो ते मला सांगता येत नाही. फारसा विचार केला नव्हता. घरी जाऊन मी जेवलो.

त्यानंतर काकूंनी विषय काढला नाही. दांडा पलंगाशेजारी भिंतीला टेकवलेला असायचा, त्यांनी त्याला हात लावला नाही. मी डोकावलो तर म्हणायच्या, बसा, आणि वर बघत राहायच्या. दोनेक दिवसांनी त्यांनी काकांना इतकंच सांगितलं, "आता येत नाही आवाज." काका म्हणाले, "बघ, मी म्हणालो नव्हतो?"

हिरवी शेपटीही दिसेनाशी झाली.

सातव्या दिवशी वास आला. बारीक आवाज गेले असले तरी काकांचं नाक शाबूत होतं. त्यांनी मला बोलावलं नाही. माझ्या बायकोने खिडकीतून पाहिलं की ते शिडी आत नेतायत, म्हणून मी गेलो. कार्ड काढून त्यांनी खिशात ठेवलं होतं आणि फळीचे स्क्रू एकेक करून काढत होते, नीट, ओळीने पलंगाच्या कडेला ठेवत. मग ते वर गेले. पुन्हा फक्त पाय दिसत होते. या वेळी पाय काही बोलले नाहीत.

ते खाली आले तेव्हा हातात रजईच्या कापसाचा गोळा होता. त्यांनी तो काकूंना दिसू नये म्हणून छातीशी धरला होता, पण काकू बघतच होत्या.

"किती होती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"डोळे उघडले होते?"

काकांनी गोळ्यात पाहिलं. "नाही."

काकूंनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. काकांनी मागच्या कुंपणापाशी खड्डा खणला. मी फावडं धरायला पुढे झालो तर म्हणाले, "राहू द्या." माती दाबून झाल्यावर त्यांनी नळाखाली हात धुतले, मग पुन्हा धुतले. मला वाटलं, आता ते विचारतील, तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नव्हतं का? मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी घरातली सगळी कार्डं काढली. शेगडीवरचं, शिडीवरचं, डब्यावरचं. कार्डं काढली तिथे फिकट चौकोन राहिले. नंतर त्यांनी वळचणीच्या जाळ्याही काढल्या. वर कुणी राहायला आलं नाही. काकू आता रात्रभर झोपत होत्या. दुपारीही झोपत होत्या. काकांनी काही विचारलं तर हो किंवा नाही म्हणत. वरच्या मंडळींच्या बातम्या बंद झाल्या, आणि त्यांच्याऐवजी बोलायला त्या दोघांकडे दुसरं काही आहे असं दिसलं नाही. एकदा मी जरा हसवावं म्हणून म्हणालो, "काकू, सेफ्टीवर आता कुणाचा विश्वास?" काकू हसल्या नाहीत. काका म्हणाले, "चहा घेणार?" आणि उठले.

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे झोपेने हाड जुळलं. दोन महिन्यांत काकू वॉकर धरून चालायला लागल्या आणि पंधरा दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेल्या. त्याला आता तीन वर्षं झाली. काका रविवारी तिकडे जातात, जेवतात आणि चारच्या बसने परत येतात.