माझा सत्कार

रिटायर झालो तेव्हा ऑफिसातले सगळे म्हणाले, आता स्वतःला कशाततरी गुंतवून ठेवा. च्यायला, कशात गुंतवू? बायको गेली, नातू शिकायला बाहेरगावी गेला, मुलगा-सून सकाळी निघतात ते जेवायच्या वेळेला उगवतात. उरला तो आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा गणपती. आम्ही मूळचे मालवणकडचे, त्यामुळे आरतीला ढोलकी माझीच. श्रावण लागला की दोऱ्या आवळायला घ्यायचो. त्या पाच दिवसांच्या जिवावर बाकीचं वर्ष ढकलायचो.

गेल्या वर्षी बोटं आखडायला लागली. आरती पुढे जायची, मी मागे राहायचो. कोणी काही बोललं नाही. यंदा मात्र सेक्रेटरी पेढे घेऊन घरी आला. "काका, पहिल्याच दिवशी तुमचा सत्कार ठेवलाय!" मी वेड्यासारखा खूश झालो. इस्त्रीचा झब्बा काढला, दुपारभर गरम पाण्यात हात बुडवून बोटं मोकळी केली आणि ढोलकी घेऊन सगळ्यांच्या आधी खाली जाऊन बसलो.

शाल आली, नारळ आला, टाळ्या झाल्या. सेक्रेटरी माइकवर म्हणाला, "काकांनी इतकी वर्षं सेवा केली, आता त्यांनी फक्त समोर बसून आनंद घ्यायचा." आणि त्याने स्पीकर लावला. आरती, टाळ, ढोलकी, सगळं त्यातूनच वाजायला लागलं. अरे, शाल-नारळ माणसाला कधी देतात हे मला कळायला नको होतं? ऑफिसातून काढतानाही तेच दिलं होतं की!

जेवताना सून म्हणाली, "मस्त झालं ना, बाबा? आता दगदग नाही तुम्हाला." मी हो म्हटलं. भांडणार कोणाशी? सगळे चांगलेच वागत होते.

दुसऱ्या संध्याकाळी मुद्दाम खाली गेलो नाही. म्हटलं, बघू या, बोलवायला येतंय का कोणी. झब्बा घालून दाराजवळ बसून राहिलो. खाली आरती सुरू झाली, संपली, मंत्रपुष्पांजलीही झाली. मग बेल वाजली. मी ताडकन उठलो. दारात सेक्रेटरी, हातात प्रसादाची वाटी.

"बरं केलंत काका, वरच थांबलात. उगाच जिने कशाला चढायचे? उद्यापासून मीच रोज आणून देत जाईन."

इतक्या मायेने बोलला, की त्याला शिवी हासडायचीही सोय राहिली नाही. मी वाटी घेतली आणि त्याला थँक्यू म्हटलं.