पालमहून आलेली बाई

वहिनीचा मुंबईला एक स्तन काढला. एवढं साधं वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितेय. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्या ताडकळसात आम्ही 'पोटाचं ऑपरेशन' म्हणून सांगायचो. तिचा पेला आईनं वेगळा काढला होता. तो वेगळा घासायचं काम माझं.

वहिनी बोलायची ती फक्त माझ्याशी. चोळीत कापूस भरला तर हात वर केला की सरकायचा. म्हणून तिनं माझ्या भाच्याची लहानपणची मोहरीची उशी उसवली आणि त्या मोहरीची पिशवी शिवली. "पोराचं डोकं गोल केलं, आता आईला सावरती बघा, वन्स," म्हणाली. आम्ही दोघी हसलो. मग ती बराच वेळ डोळे पुसत राहिली. "माझ्यासारखी एखादी भेटली असती तर इचारलं असतं, तुला बी असंच व्हायलंय का."

तशी एक आली.

त्या दिवशी दुपारी पाथरीचे पाहुणे मला बघायला येणार होते. दारात बाई उभी. पदर अंगाभोवती घट्ट आवळलेला, पाय धुळीनं भरलेले.

"पालमहून आले, बाई. तुमच्या घरची सून छातीचं ऑपरेशन करून आली म्हणं, मुंबईच्या दवाखान्यात कळलं. माजं बी झालंय. दोन शब्द बोलायचे होते."

पाहुण्यांना कॅन्सरचं कळलं तर सोयरीक मोडेल, एवढंच माझ्या डोक्यात.

"आमच्यात तसं कुणी न्हाई. घर चुकलात."

पाणीसुद्धा विचारलं नाही. "बरं," म्हणून ती स्टँडकडं वळली.

वहिनी परसातून ओल्या हातांनी आली. "कोण होतं?"

"घर चुकली होती."

"चुकली नव्हती, वन्स. मी ऐकलंय."

ती चपला शोधायला लागली. तेवढ्यात आई ओरडली, पाहुणे आले, पोहे टाक. वहिनी चुलीकडं गेली.

माझं जमलं. पाहुणे गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "दिसायला कशी होती?"

मी त्या बाईच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. ते सांगायची लाज वाटली. म्हणाले, "उंच. सावळी. कपाळावर गोंदलेलं."

लग्नानंतर दादा मला भेटायला पाथरीला आला, तेव्हा हसत म्हणाला, "तुझी वहिनी बाजाराच्या दिवशी पालमला जायलीय. तीन बाजार झाले. घेत काहीच न्हाई, नुसती बायांच्या कपाळाकडं बघत फिरती. येडी झाली का काय!"

मी त्याला चहा दिला. वहिनीला खरं कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी ते लिहिलं नाही.