डोळखांबच्या उतारावर टेलीमार्क

बर्फावर घसरायला लोक स्वित्झर्लंडला जातात. मी शहापूरहून डोळखांबची एसटी पकडली.

वाशिंदच्या एका साप्ताहिकात मी भटकंतीचं सदर लिहितो. मानधन म्हणून अंक फुकट मिळतो. त्या सदराच्या पुण्याईने मुरबाडच्या एका शेठचं आमंत्रण आलं होतं: ‘टेलीमार्क स्कीइंग, टेरेन पार्कसहित, तालुक्यात प्रथमच!’ दुसऱ्यांदा होईल अशी भीती कोणालाच नव्हती, तरी ‘प्रथमच’ खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. निघताना सौ. म्हणाल्या, “अहो, पडलात तर उजव्या अंगावर पडा. डाव्या हातात घड्याळ आहे.” पंचवीस वर्षांच्या संसारात इतकी काळजी घेणारं माणूस भाग्यानेच मिळतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. गाडीत कंडक्टरने सहज विचारलं, “डोळखांबला काय काम काढलं?”

“टेलीमार्क करायला चाललोय.”

“किती मार्कांपैकी?”

पास झालो तरी पुरे, असं मी म्हटलं, आणि त्यानेही समजूतदारपणे मान हलवली.

फाट्यावर काशिनाथ न्यायला आला होता. तिशीचा, काटक, अंगात शेठनी दिलेला लाल टी-शर्ट, त्यावर पाठीमागे ‘प्रशिक्षक’ असं लिहिलेलं. तो डोंगरापलीकडच्या पाड्यातला (दहा-बारा घरांची वस्ती). माझी पिशवी त्याने मागूनच घेतली. भात कापून झालेल्या शेतांतून आम्ही चाललो. खळ्यावर झोडणी चालू होती, हवेत पेंढ्याचा वास होता, आणि मोबाइलची रेंज गेल्यामुळे मी बऱ्याच वर्षांनी आजूबाजूला बघत चाललो होतो.

वाटेत काशिनाथ म्हणाला, “साहेब, एक सांगू का? शेठ बोललेत, आजचा पाहुणा पायावर खाली आला तर मला हितंच ठेवणार. बारमाही. नाय आला, तर मंगळवारी आमी भट्टीवर.”

दरवर्षी भात झोडून झालं की त्याचं सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतं. मुलगी चौथीत होती. दर साली सहामाहीनंतर तिची शाळा बुडत होती. माझ्या गुडघ्यांवर इतकी जबाबदारी याआधी कोणी टाकली नव्हती. जिना उतरतानाही मी कठडा धरतो, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

शेठचं मुरबाडला हार्डवेअरचं दुकान आहे. टेरेन पार्क (अडथळे मांडलेला उतार) बघताच दुकानात काय काय खपलं नव्हतं ते कळलं. गवत कापलेल्या उतारावर मुरमाचे तीन ढीग, एक लोखंडी पाइप आडवा, आणि पुढे पत्र्याचा एक पूल. शेठनी युरोपची सहल केली होती. तिथे त्यांनी हा खेळ पाहिला, बसमधून. “बर्फ सोडला तर सगळं तस्संच आहे,” ते म्हणाले. बर्फाच्या जागी पायांना बांधायच्या लांब पट्ट्यांना, म्हणजे स्कीना, खाली जाड चाकं होती. टेलीमार्कची गंमत अशी की बुटाचा चवडा पट्टीला जखडलेला असतो आणि टाच मोकळी. वळायचं तर एक पाय पुढे, मागच्या पायाची टाच उचललेली आणि गुडघा जमिनीकडे. लग्नाची मागणी घालावी तसं, फक्त धावत्या अवस्थेत.

जेवण ‘स्विस पद्धतीचं’ होतं, म्हणजे पनीरवर चीज. मी काशिनाथच्या फडक्यातली नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी मागून खाल्ली.

मग धडे सुरू झाले. पहिल्यांदा मी उजव्या अंगावर पडलो. दुसऱ्यांदाही. घड्याळ सुखरूप होतं.

“साहेब, तुमी पायाकडं बघता,” काशिनाथ म्हणाला. “डोक्यावर गवताचा भारा हाय असं समजा. भारा घेऊन उतरताना कोण खाली बघतं? मान ताठ, आणि मागचं ढोपर (गुडघा) ढिलं.”

त्याने स्वतः उतरून दाखवलं. पट्ट्या न बांधता, रिकाम्या डोक्याने, पण भारा असल्यासारखा. एक पाय पुढे, मागची टाच उचललेली, कमरेत जराही हिसका नाही. युरोपात यासाठी शाळा असतात म्हणे. चार तास तो माझ्याबरोबर पळत होता, उतारावर उलट्या पावलांनी चालत माझे दोन्ही हात धरत होता, आणि मी पडलो की आधी पट्ट्या सोडवून मग मला उठवत होता. एकदाही हसला नाही. मी त्याच्या जागी असतो तर जेवायला सुट्टी घेऊन हसलो असतो.

चार वाजता शेठ, त्यांचे मुरबाडचे मित्र आणि तीन कॅमेरे पायथ्याशी उभे राहिले. मी वरून निघालो. मान ताठ ठेवली. पहिला ढीग गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. पाइपला वळसा घातला, पत्रा धडाडला, आणि मी खाली आलो तो चक्क पायांवर. टाळ्या पडल्या. वर काशिनाथ दोन्ही हात उंचावून उभा होता.

“कठीण गेलं का हो?” शेठनी विचारलं.

आता आपल्याकडे या प्रश्नाचं एकच उत्तर असतं. मुलगा बोर्डात आला तरी आई म्हणते, विशेष काही नाही. मीही घाम पुसत म्हणालो, “छे हो, त्यात काय! आपोआप जमतं.”

शेठ मित्रांकडे वळले. “ऐकलंत? पन्नाशीच्या माणसाला आपोआप जमतं. मग शिकवणारा कशाला पोसायचा? फाटकावर पाटी लावू, सोपं आहे, कोणालाही जमेल.”

मी घाईघाईने सांगायला लागलो की नाही हो, फार अवघड होतं, चार तास त्याने धरलं म्हणून मी उतरलो. शेठनी माझा खांदा थोपटला. “लेखक मंडळी फार विनयशील,” ते मित्रांना म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. तोवर ते चहाकडे निघाले होते. लाल टी-शर्ट संध्याकाळीच परत घेतला गेला.

फाट्यावर सोडायला काशिनाथच आला. पिशवी त्याने याही वेळी मागूनच घेतली. मग म्हणाला, “साहेब, तुमी तर पायावर आलात. माझं शिकवण्यात काय चुकलं का?”

“तुझं काही चुकलं नाही. मी शेठना बोलून गेलो की सोपं आहे, आपोआप जमतं.”

त्याने थोडा विचार केला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. पण त्याचा चेहरा उजळला.

“तुमाला सोपं वाटलं? मग मी नीट शिकवलं की.”

एसटी आली. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि मी बसेपर्यंत खाली थांबला. तो खरोखर खूश होता, आणि त्या खुशीपुढे मला त्याच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर लेख लिहिला. तो खेळ किती अवघड आहे आणि काशिनाथ तो कसा शिकवतो, एवढंच लिहिलं, विनोद एकही केला नाही. पुढच्या गुरुवारी छापून आला. काशिनाथचं बिऱ्हाड मंगळवारीच गेलं होतं.