फडकं घातलेले डबे

रुपरावाइतका बडबड्या माणूस आमच्या कारखान्यात दुसरा नव्हता. कारखाना नागपुरातला, आम्हा आंधळ्यांचा. वेताने खुर्च्या विणायचा. त्र्याहत्तर साली रुपराव मौदा गावाकडून आला, खाणीतल्या सुरुंगाने डोळे गेलेला. मी जन्मापासूनचा आंधळा, काय गमावलं ते मला ठाऊकच नाही. त्याला सगळं ठाऊक होतं. तरी दिवसभर नकला आणि टवाळी. मला म्हणायचा, "काहून गा गणपतराव, खुर्ची विणून राहिला का मासोळीचं जाळं?" मला राग यायचा, आणि तो नसला की करमायचंही नाही.

एकदा कॉलेजातल्या उत्तराबाई आल्या. मनाने कोण खचलंय ते ओळखायची त्यांच्याकडे छोटी प्रश्नावली होती. चारचौघांत तोंडाने उत्तर द्यायला माणूस लाजतो, म्हणून त्यांनी टेबलावर दोन डबे ठेवले. 'हो' असेल तर टिनाच्या डब्यात चिंचोका टाकायचा, 'नाही' असेल तर पितळी डब्यात. युक्ती डोळसांची! एकेक जण टेबलाशी जायचा आणि बाकीचे हातातलं काम थांबवून कान द्यायचे. टिन खट्ट वाजायचं, पितळ टण्ण. रडू येतं का? टण्ण. एकटं वाटतं का? टण्ण. सगळा कारखाना नुसता आनंदीआनंद! मीही टण्णच केलं. भर सभेत रडका कोण ठरणार?

रुपरावाची पाळी आली. "जगणं नकोसं वाटतं का?" बाईंनी हळूच विचारलं. बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग टण्ण.

बाई आवरू लागल्या तसा तो पुन्हा टेबलाशी गेला.

"बाई, डब्यात फडकं टाका ना. मले एक चिंचोका बदलवायचा आहे."

बाईंना चूक उमगली. त्यांनी दोन्ही डब्यांत फडकी घातली. या वेळी आम्हाला काहीच ऐकू आलं नाही, आणि तरी सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी आमचीही उत्तरं बाईंनी नव्याने घेतली.

बाई रुपरावाला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. स्वतःही दर आठवड्याला येऊन त्याच्याशी बोलत बसायच्या. आता तो मधूनच गप्प व्हायचा, कधी रडायचा. आम्ही रडू द्यायचो.

वर्षभराने बाई तेच डबे घेऊन आल्या. रुपरावाला पुन्हा तोच प्रश्न आला.

"हे फडकं घ्या बाई तुमचं," रुपराव म्हणाला. मग आमच्याकडे वळून ओरडला, "ऐका गा सारे!"

टण्ण.