मावशींचं कापायचं टेबल

शाळेच्या गणवेशांच्या त्या कारखान्यात मावशींना बढती मात्र वेळच्या वेळी मिळत गेली. एकोणिसाव्या वर्षी त्या 'पोरी' होत्या, तिशीत 'ताई' झाल्या, पन्नाशी ओलांडली तशा 'मावशी'. पगार होता तिथेच राहिला, ती गोष्ट वेगळी.

पोरी असताना त्यांनी कात्री मागितली, तर कटिंग मास्तर म्हणाले, "आधी मोठी हो. एकदा हात चुकला की चाळीस शर्ट वाया." म्हणून सहा वर्षं त्यांनी बटणं लावली. बटणं लावून माणूस मोठं होतं, अशी मास्तरांची समजूत असावी. मग कात्री मिळाली. पुढे मास्तरांचीच जागा रिकामी झाली, तर वयाची अट पस्तीस, आणि ताईंना वर पाच महिने झालेले! दहा वर्षांपूर्वीपर्यंत कमी पडणारं वय आता जास्त झालं होतं. मधे कधी ते पुरेसं होतं, हे कुणी सांगितलं नाही. जागेवर बसला मॅनेजरचा भाचा. कापडाची सुलटी बाजू कुठली, हे त्याला ताईंनीच शिकवलं.

आता चोपन्नाव्या वर्षी नवा हुकूम तयार झाला. पन्नाशीपुढच्यांची नजर कमी होते, सबब त्यांनी कापायच्या टेबलापाशी उभं राहायचं नाही, घड्या घालायच्या. नजर कुणी तपासली नाही, जन्मतारीख तपासली. मावशींची एकोणतीस वर्षं त्या टेबलापाशी गेली होती, आणि ते काम त्यांना मनापासून आवडायचं.

त्या तडक मालकांच्या खोलीत गेल्या. मालकांचं वय अठ्ठ्याहत्तर. हुकूम त्यांच्यापुढे सहीला आलेला, शेजारी मॅनेजर उभा.

"मालक, आधी माझी नजर तपासा, मग सही करा."

"अहो मावशी, वयापुढे कुणाचं काही चालतं का?" मालक कळवळून म्हणाले आणि त्यांनी पेन टेकवलं ते थेट टेबलाच्या काचेवर. मॅनेजर छताकडे बघू लागला.

सरकलेलं कापड दिसलं की मावशींचा हात आपोआप पुढे व्हायचा. तसाच तो आता झाला. त्यांनी कागद पेनाखाली सरळ केला, रेघेवर बोट ठेवलं. "इथे, मालक." आपण काय केलं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा सही झाली होती.

मालक कागद डोळ्यांशी नेऊन खूश झाले. "बघा, कशी रेघेवर आलीय! वयाचं काय घेऊन बसलात?"