आधी चिठ्ठी, मग संगणक

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कँटीनमधले ते टेबल डुगडुगत होते. चहा सांडून माझ्या पांढऱ्या ओढणीवर डाग पडला. टेबलाखाली कागदाची घडी सरकवायला मी वाकले, तेवढ्यात समोर बसलेले गृहस्थ म्हणाले, "थांब वं. आधी सांग, चारपैकी कोणता पाय अधांतरी आहे?"

मी कॉन्व्हेंटमधून आलेली. मी म्हणाले, "सर, डेटा इन्सफिशियंट आहे."

"पेपर नाही हा. अंदाज कर अन् लिहून दे मले."

बसच्या तिकिटामागे मी 'खिडकीकडचा' असे लिहिले. त्यांनी टेबल हलवून पाहिले. माझे उत्तर चुकले होते. तिकीट मात्र त्यांनी जपून खिशात ठेवले. डॉ. दयाराम गजघाटे सरांची आणि माझी ओळख झाली ती अशी. पुढे मी त्यांची विद्यार्थिनी झाले, मग सहकारी. आज सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि तो डाग मला अजून आठवतो आहे.

एखाद्या बांधकामावर भार आला की ते कुठे वाकेल, कुठे तडकेल, हे संगणकावर आधीच पाहणे हे सरांचे आयुष्यभराचे संशोधन. बांधकामाचे लहान लहान तुकडे कल्पायचे आणि एकेका तुकड्यावरचा ताण काढायचा. त्यासाठी सरांनी स्वतः प्रोग्राम लिहिले, विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यांच्या प्रयोगशाळेत नियम एकच होता. संगणक चालवण्यापूर्वी आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. एकदा कुणीतरी कुरकुरले, "सर, मग संगणक घेतला कशाले?"

"तुह्या चुका पकडाले," सर म्हणाले. "अन् त्याच्या चुका पकडाले तू."

या नियमाचे मोल मला नागपूरजवळच्या खाप्याच्या पलीकडे असलेल्या एका गावात कळले. तिथे ओढ्यावर जुना लोखंडी पादचारी पूल होता. पलीकडे मुलींची शाळा. एका सल्लागाराच्या अहवालाने पूल धोकादायक ठरला आणि बंद झाला. तो पाडायचे ठरत होते, नव्या पुलाचा पत्ता नव्हता. मुलींना मोठा वळसा पडू लागला आणि घरोघरी 'आता पुरे शाळा' असे बोलणे सुरू झाले. मुख्याध्यापिका सरांकडे आल्या. सरांनी काम माझ्यावर सोपवले.

माझ्या चिठ्ठीत होते : सर्वाधिक ताण पुलाच्या मध्यभागी, आणि त्याचा आकडाही मर्यादेत. संगणकाचे चित्र मात्र दोन्ही टोकांना लालभडक, म्हणजे ताण मर्यादेबाहेर. अहवालातही तेच होते. मी म्हणाले, "सर, चिठ्ठी चुकली."

"काहून? संगणक चुकला नसन कशावरून? चाल, पुलालेच विचारू."

भर मे महिन्यात आम्ही पुलाशी उभे होतो. धुणे घेऊन आलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "नका जाऊ गा त्याच्यावर. उन्हायात लय करकरते तो."

सरांचा चेहरा उजळला. "आजी, हिवायात करकरते का?"

"नाही बा."

सर वयाची पर्वा न करता उतारावरून खाली सरकले आणि पुलाच्या टोकाखालची माती चावीने खरवडू लागले. आत लाटण्यासारखे गोल लोखंडी रूळ होते, घासून चकाकणारे. उन्हात लोखंड लांब होते. हा पूल त्या रुळांवर सरकून स्वतःला जागा करून घेत होता. करकर होती ती त्याचीच. अहवालाने आणि मीही संगणकात त्याची दोन्ही टोके घट्ट जखडली होती.

"नागपूरचं ऊन अन् तू त्याले हलू देऊन नाही राहिली," सर म्हणाले. "तो बिचारा बोंबलन नाही तं काय करन?"

संगणकात एक टोक मोकळे केले आणि लाल रंग गेला. ताण मध्यभागी आला, माझ्या चिठ्ठीतल्या आकड्याच्या अगदी जवळ. मग वाळूची पोती रचून पुलाची रीतसर परीक्षा झाली. तो आमच्या हिशेबात आला होता तेवढाच वाकला आणि पोती काढताच पूर्ववत झाला. पूल उघडला त्या सकाळी मुली धावतच पलीकडे गेल्या. सर टोपी हलवत ओरडत होते, "धावा वं, धावा! काही होत नाही त्याले!"

गावाला वाचता यावा म्हणून आमच्या तपासणीचा अहवाल सरांनी मला मराठीत लिहायला लावला. माझे मराठी तेव्हा लाजिरवाणे होते. सरांच्या ओसरीवर बसून मी तो चार वेळा लिहिला. दर वेळी सरांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, गरम जेवण वाढत आणि सर ऱ्हस्व-दीर्घ सुधारत. हा लेखही त्याच ओसरीची देणगी आहे.

सरांनी तो डबा आता माझ्या हाती दिला आहे : "ज्याची चिठ्ठी त्याले परत कर." म्हणून ही सूचना. सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाच्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर चिठ्ठ्यांची, नावे घातलेली पाकिटे असतील. प्रत्येकाने आपापले न्यावे. परगावच्या मित्रांची पाकिटे वहिनींकडे द्यावीत, त्या टपालाने पाठवतील. पुलाची चिठ्ठी त्या शाळेला द्यावी. डब्यात निघालेले ते बसचे तिकीट मी ठेवून घेणार आहे. डबा सरांकडे आज शिकणाऱ्या मुलामुलींना द्यावा. तो अगदी रिकामा नाही. सरांच्या आयुष्याचा माझा अंदाज लिहून मी आत टाकला आहे : शंभर, आणि तेही ठणठणीत. पडताळा सरांनीच द्यायचा आहे. तोवर ती चिठ्ठी कुणी काढू नये.